अडीच चमचे

"तुमच्याच हाताने भरा. नंतर म्हणायला नको, बाईंनी त्यात काहीतरी मिसळलं म्हणून," आहारबाई म्हणाल्या.

"भरतो की! माझ्या हाताला काय धाड भरली आहे?" असं म्हणून अडीचने पिंपाची तोटी सोडली, पेला काठोकाठ भरला आणि काउंटरवर असा आपटला की दोन थेंब आहारबाईंच्या पांढऱ्या तक्त्यावर उडाले. मुद्दाम की चुकून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दहाची सुट्टी होती. भट्टीच्या हॉलमधली चाळीस माणसं घामाने निथळत काउंटरभोवती उभी होती. हा कारखाना काचेच्या बरण्यांचा. भट्टीपाशी तासभर उभं राहिलं की माणसाच्या अंगातलं पाणी आटतं, म्हणून दर दोन तासांनी इथे काहीतरी प्यायला मिळायचं आणि ते देण्याचं काम एकतीस वर्षं हा एकच माणूस करत आला होता. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. लोकांच्या तोंडी मात्र अडीच, आणि लाडात आले की मामा. कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं होतं, "साखर किती घालता हो?" आणि हा गुरकावला होता, "पेल्याला अडीच चमचे. कमी करणार नाही, जास्त देणार नाही. आणि पुन्हा विचारायचं नाही." त्यानंतर ना कुणी याला विचारलं, ना याने कुणाला. विचारून करतो तो नवशिका, असं हा वर तोंड करून सांगायचा.

आहारबाईंना येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. कामगारांच्या तब्येतीकडे लक्ष द्यायला कंपनीने त्यांना नेमलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं अडीच त्यांच्याबद्दल पहिल्या दिवसापासून बोलत होता. बाईही काही कमी नव्हत्या. त्यांनी थेट त्याच्या काउंटरशेजारी तक्ता लावला होता, कुठल्या पेयात किती साखर आणि त्याने काय काय होतं याचा. आणि गेल्या आठवड्यात सगळ्यांच्या सभेत त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या होत्या, "या काउंटरवर तुम्हाला रोज पेल्यातून आजार मिळतो." तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होती.

आज बाईंनी बोटभर लांबीची एक नळी आणली होती. "हिच्या काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. पेय जितकं गोड, तितकी रेघ वर चढते. बाजारातल्या बाटलीत दहा-अकरापर्यंत जाते. आता आपल्या लाडक्या मामांचं सरबत किती चढतं ते बघू."

त्यांनी थेंब टाकला, डोळा लावला. मग नळी पुसली, पुन्हा थेंब टाकला, पुन्हा डोळा लावला. तिसऱ्यांदा पुसायला लागल्या तेव्हा भट्टीचा मुकादम मागून ओरडला, "काय झालं बाई? रेघ नळी फोडून बाहेर गेली काय?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोनसुद्धा नीट नाही. एवढं तर नुसत्या लिंबा-संत्र्याचंच होतं. यात वरून साखर घातलेलीच नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आल्या होत्या त्याला तोंडघशी पाडायला आणि स्वतःच तोंडात मारल्यासारख्या उभ्या राहिल्या. अडीचने या क्षणी छाती फुगवायला हवी होती. पण तो खाली बघून कोरडा काउंटर पुसत राहिला. आणि तेवढ्यात, फुकटची गंमत बघायला आलेल्या स्टोअरकीपरने तोंड उघडलं.

"नाही कशी? दर महिन्याला याला एक पोतं साखर मी माझ्या हाताने देतो. या महिन्यातही दिलं आहे. मग ते पोतं जातं कुठे?"

चाळीस जणांच्या माना अडीचकडे वळल्या. मुकादमाने हातातला पेला खाली ठेवला. हाच मुकादम पाच मिनिटांपूर्वी "आज झकास जमलंय रे" म्हणून दुसऱ्यांदा रांगेत घुसला होता.

"म्हणजे आमची साखर तू घरी नेतोस?"

"तोंड सांभाळून बोल."

"मग सांग ना, कुठे गेली?"

"सांगत नाही."

"एकतीस वर्षं मामा मामा म्हणून डोक्यावर बसवलं, आणि मामाच चोर निघाला!" असं म्हणून मुकादमाने तोच पेला उचलून एक घोट घेतला आणि तो जमिनीवर थुंकला. "फिकं पाणी! तरीच म्हटलं, हल्ली पिण्यात राम राहिला नाही."

तरीच म्हणे! दोन वर्षं हा माणूस मिटक्या मारत तेच फिकं पाणी पीत होता. पण जिभेला हाड नसतं. बघता बघता सगळ्यांनाच ते फिकं लागायला लागलं आणि पंधरा-वीस पेले अर्धवट तसेच टाकून माणसं भट्टीकडे गेली. जाताना कुणीतरी मागे न बघता म्हणालं, "साखरचोर."

दुपारी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर हा आवाज न चढवणारा माणूस होता आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. "उद्या दुपारच्या भोंग्यापर्यंत साखर कुठे गेली आणि का गेली, ते सांगा. नाही सांगितलंत तर परवापासून येऊ नका. काउंटरच्या जागी यंत्र बसेल, आणि जाण्याचं कारण तुमच्या कागदावर लिहिलं जाईल."

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एकतीस वर्षांच्या शेवटी कागदावर 'चोरी' हा शब्द पडणार होता.

आता साखर कुठे गेली हे सांगायला काहीच अवघड नव्हतं. त्याच्या खिशात किल्ली होती. कारखान्याच्या मागे पॅकिंगची जुनी खोली बंद पडली होती, तिची ती किल्ली. साखरेचा कण न् कण त्या खोलीत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने पिंपात पडणाऱ्या साखरेतून एक मूठ काढली. पुढच्या महिन्यात आणखी एक. मूठ काढायची तीही आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या दिवशी, कारण एका दिवसाच्या खाड्याने जीभ थोडी विसरते हे त्याला ठाऊक होतं. आणि साखर गेली म्हणून चव जाऊ द्यायची नाही, ही त्याची ईर्षा! कोण मेहनत घेतली त्याने त्यावर! बाजार उठायच्या वेळेला जाऊन डाग पडलेली, अतिपक्व संत्री निवडायची, कारण गोडी त्यांच्यातच असते. लिंबाला मिठाचा कण घालायचा, म्हणजे आंबटपणा दबतो. काकडी आणि पुदिना आदल्या दिवशी पाण्यात टाकून ठेवायचा. सफरचंदाच्या साली दालचिनीबरोबर उकळायच्या. कॉफीचं दूध मंद आचेवर पाऊण होईपर्यंत आटवायचं, म्हणजे ते आपल्याच गोडीने गोड लागतं. शेवटची मूठ सहा महिन्यांपूर्वी निघाली आणि कुणाच्या बापालाही कळलं नाही. नाव अडीच आणि पेल्यात शून्य.

उरलेली साखर परत का दिली नाही? तर स्टोअरचा नियम असा की परत आलेला माल पुढच्या महिन्यापासून कापला जातो आणि कागदावर कारण लिहावं लागतं. त्या एका शब्दापाशी याचं घोडं अडलं. मग पोतं उचलत राहिला. पहिल्या दोन पोत्यांना मुंग्या लागल्या, तेव्हा त्याने भट्टीतून वाया गेलेल्या बरण्या आणल्या. काचेत बुडबुडा राहिलेली बरणी विकली जात नाही, फोडून पुन्हा वितळवतात. त्या ढिगातल्या बरण्या पुसून त्याने साखर भरली, झाकणं घट्ट लावली. चोर असं करत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण 'का' म्हणून विचारलं असतं तर बायकोचं नाव काढावं लागलं असतं. ती गेल्यापासून अडीच वर्षांत ते त्याने एकदाही काढलं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा उजेड होता. मुलगी टपाल ऑफिसातून येऊन भाजी निवडत बसली होती. आई गेल्यापासून बाप-लेकीत कामापुरतंच बोलणं होतं. "गॅस संपला," "बरं." "विजेचा माणूस आला होता," "बरं." त्यापुढे गाडी जात नसे.

आज मात्र तिने वर न बघता सुरुवात केली. "साखर चोरलीत म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या स्टोअरकीपरची बायको माझ्याच खिडकीवर पाकिटं आणते. रांगेतल्या दहा माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं तिने." तिने देठ मोडून बाजूला टाकला. "खरं आहे?"

"चोरली नाही. काढून ठेवली."

"का?"

बघा, पुन्हा तोच शब्द. तो खुर्चीवर बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. या माणसाला माफी मागायची सवय नव्हती आणि साठीला आल्यावर ती अंगात येत नाही. शेवटी तो भिंतीकडे बघून बोलला.

"तुझ्या आईच्या कॉफीत मी साखर घालायचो."

मुलीचे हात चालूच राहिले. तो बोलत सुटला, थांबलो तर पुन्हा जमणार नाही या भीतीने. आईला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी साखर बंद सांगितली. त्याने पहिल्यांदा बिनसाखरेची कॉफी करून दिली. ती प्यायली आणि "छान झालीय" म्हणाली. पण म्हणताना तिचं तोंड वाकडं झालं, तेही क्षणभर. तो क्षण याच्या जिव्हारी लागला. चाळीस माणसं ज्याच्या हाताची वाखाणणी करतात, त्याच्या घरात त्याची बायको तोंड वाकडं करून पिते! दुसरा कुणी असता तर साखरेवाचून चवदार कसं करायचं ते शिकला असता. याने दुसऱ्या दिवशी गुपचूप अर्धा चमचा घातला. ती हसली. झालं! अर्ध्याचा एक झाला, सकाळी झाला, संध्याकाळी झाला. चार वर्षं. आधी तिची नजर गेली, मग पायाची जखम भरेना.

"माहीत आहे," मुलगी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. शेवटच्या महिन्यात आईने सांगितलं."

"तिला माहीत होतं?"

"पहिल्या घोटाला कळलं होतं तिला, बाबा. पहिल्याच दिवशी. तुम्हाला काय वाटलं, तिला जीभ नव्हती?"

तो कसंबसं म्हणाला, "मग बोलली का नाही? नको म्हणायचं होतं."

"म्हणाली, त्यांच्या हाताचा त्यांना एवढा अभिमान आहे, तो मी कशाला मोडू? ती वाट बघत होती. एक दिवस तुम्ही स्वतःहून विचाराल, साखर घालू का म्हणून. तेवढंच. विचारलं असतंत तर ती नको म्हणणार होती." मुलीने आता सुरी खाली ठेवली. "आणि तुम्ही काय केलंत? डॉक्टर तिला भरल्या दवाखान्यात म्हणाले, 'बाई, तुम्ही चोरून गोड खाता, रिपोर्ट खोटं बोलत नाही.' तुम्ही शेजारी उभे राहून मान हलवलीत! मी साखरेची बरणी कुलपात ठेवली. मी तिला म्हटलं, लाज नाही वाटत, लहान मुलासारखी साखर चोरतेस? डोळ्यांनी दिसत नव्हतं तिला, बाबा. ती आवाजाच्या दिशेला तोंड करून ऐकून घ्यायची. तुम्ही त्याच खोलीत पेपर वाचत बसलेले असायचात, आणि तुमच्या खिशात साखरेची पुडी असायची!"

"म्हणून तर," तो म्हणाला, "म्हणून मी तिथली साखर काढली. म्हटलं, निदान या चाळीस जणांच्या तरी..."

"छान केलंत. पुन्हा न सांगता." ती उठली. "अडीच वर्षं मी वाट बघतेय तुम्ही कधी बोलता याची. आज बोललात, ते नोकरी जातेय म्हणून."

"नोकरी गेली तरी मी तिथे सांगणार नव्हतो. चोर तर चोर. तिलाही म्हणालेच होते. मलाही म्हणू देत, म्हटलं."

हे त्याचं खरं होतं. सकाळी 'साखरचोर' ऐकलं तेव्हा रागाच्या खाली कुठेतरी त्याला बरंही वाटलं होतं. पण मुलगी त्याने विरघळली नाही.

"अशाने फिटत नाही ते," ती म्हणाली. "आईला चारचौघांत चोर म्हटलं होतं ना? मग चारचौघांत सांगा की ती चोर नव्हती. तुम्ही गप्प बसून शिक्षा भोगाल आणि स्वतःला मोठे समजाल. ती मात्र चोरच राहील."

असं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला अडीचने स्वतःच मॅनेजरला, स्टोअरकीपरला आणि मुकादमाला मागच्या खोलीपाशी बोलावलं. कारखान्यात एकाला बोलावलं की दहा येतात. आहारबाई आल्या, भट्टीवरची निम्मी माणसं आली. कुलूप गंजलं होतं. त्याने दोन शिव्या हासडल्या तेव्हा कुठे ते उघडलं.

आत तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर बरण्या. सगळ्या बरण्यांत साखर. झरोक्यातून ऊन येत होतं आणि प्रत्येक बरणीच्या काचेतला बुडबुडा वेगळा दिसत होता. झाकणांवर महिन्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. स्टोअरकीपरने एक बरणी उघडून बोट घातलं, चाखलं आणि उगाचच मान हलवली.

"ही तुमची साखर," अडीच म्हणाला. "यातली कणभर घरी नेलेली नाही. पुडीतून नेली ती त्याआधीची, बायको असताना. कारण हवं होतं ना? ऐका. माझ्या बायकोला मधुमेह होता. तिला साखर नको होती, ती मी तिला न विचारता घातली. चार वर्षं. डॉक्टर तिला चोर म्हणाले, माझी पोरगी तिला चोर म्हणाली, आणि मी ऐकत बसलो. तिने कधी एक दाणा चोरला नव्हता. मी घालत होतो. ती गेली. मग तुम्हाला साखर हवी होती, ती मी तुम्हाला न विचारता काढली. एवढंच आहे. आता काय लिहायचं ते लिहा."

बाईंचे डोळे भरून आले. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "मामा, तुम्ही जे केलंत ते आम्हाला पुस्तकात..."

"बाई, रडू नका माझ्यासाठी. सभेत बोट केलंत तेव्हा बरं होतं, तेव्हा निदान भांडता येत होतं."

बाईंनी डोळे पुसले आणि तोंड आवळलं. मग मुकादम पुढे आला. त्याचा आवाज कालच्यापेक्षा खाली होता, पण गोड नव्हता.

"तुझ्या बायकोचं वाईट झालं. ऐकून मलाही कसंतरी झालं. पण आम्ही तुझी बायको नाही, अडीच. तीन पोरांचा बाप आहे मी. माझ्या पेल्यात काय असावं हे तू कोण ठरवणार? एकदा तरी विचारलंस?"

"भल्यासाठीच केलं ना त्याने," मागून कुणीतरी म्हणालं.

"भल्यासाठी म्हणे! त्याने तिचंही भल्यासाठीच केलं होतं!"

हे बोलल्यावर मुकादमालाच ते जास्त झाल्यासारखं वाटलं असावं, कारण तो दुसरीकडे बघायला लागला. अडीचच्या कानशिलाची शीर उडाली. एरवी त्याने हातातलं कुलूप फेकून मारलं असतं. पण तो म्हणाला, "बरोबर बोलतोय तो." आणि किल्ली मॅनेजरच्या हातात दिली.

मॅनेजरने भोंग्याआधी निकाल दिला. अडीच आठ महिने पुरे करेल. कागदावर काही लिहिलं जाणार नाही. साखर यापुढे पिंपात पडणार नाही, ती बरणीत काउंटरवर राहील, चमचा शेजारी, ज्याने त्याने आपली घ्यावी. आहारबाईंनी थयथयाट केला. "माझ्या तक्त्यासमोर साखरेची बरणी? मग मी इथे कशासाठी आहे?"

"तुमचा तक्ता कुणी वाचत नाही, बाई," अडीच म्हणाला. "माझा पेला दोन वर्षं सगळ्यांनी रिकामा केला."

"फसवून!"

"हो. फसवून. आता न फसवता होतं का ते बघू. आणि तुम्हाला काही करायचंच असेल तर बाजार उठताना माझ्याबरोबर चला. संत्रं कुठलं घ्यायचं हे तुमच्या नळीला कळत नाही."

बाई "मला तुमची शिकवणी नको" म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या. दोन दिवसांनी बाजारात पिशवी घेऊन उभ्या होत्या. तिथेही भांडल्याच, ते सोडा.

बरणी ठेवली त्या पहिल्या दिवशी दहाच्या सुट्टीला रांगेत सगळ्यात पुढे मुकादम होता. अडीचने पेला भरला. मग या माणसाने एकतीस वर्षांत कुणाला विचारली नव्हती ती तीन अक्षरं त्याच्या घशातून काट्यासारखी ओढून काढावी लागली.

"साखर?"

"माझी मी घेईन," मुकादम म्हणाला. त्याने बरणीतून एक चमचा घातला, दुसरा घातला, आणि वर अर्धा, अडीचच्या डोळ्यांत डोळे घालून. खळखळ ढवळलं आणि मोठा घोट घेतला. घेतल्याबरोबर त्याचे डोळे मिटले आणि जबडा आखडला. जीभ केव्हाच बदलली होती, त्याला बिचाऱ्याला कुणी कळवलं नव्हतं. पण मागे चाळीस माणसं उभी होती. मग काय, तो पाक त्याने शेवटच्या थेंबापर्यंत घशाखाली उतरवला आणि पेला आपटून म्हणाला, "हां! याला म्हणतात सरबत."

पुरे आठ दिवस त्याने निव्वळ वैरापोटी तो पाक प्यायला. बाकीच्यांनीही पहिल्या दिवशी हट्टाने चमचे भरले, दुसऱ्या दिवशी अर्धे केले. काहींनी मात्र सोडलं नाही, ते शेवटपर्यंत दोन-दोन घालत आणि घालताना अडीचकडे मुद्दाम बघत. त्याने मान खाली घालून पुढच्याला विचारायचं. नवव्या दिवशी मुकादमाने पेला पुढे केला.

"साखर?"

"नको," तो शिवी दिल्यासारखा म्हणाला, पेला घेऊन दूर जाऊन पाठमोरा प्यायला आणि पुढे आठही महिने अडीचशी एका शब्दाने बोलला नाही. 'मामा' ही हाक तर साऱ्या हॉलमधूनच बंद झाली. चांगलं झालंय, असंही कुणी पुन्हा म्हणालं नाही. पेले मात्र रिकामे परत यायचे.

घरी त्याने एवढं सगळं सांगितलं नव्हतं. पण स्टोअरकीपरची बायको पाकिटं घेऊन खिडकीवर येतच होती. एका संध्याकाळी मुलगी कामावरून आली आणि नेहमीसारखी आत न जाता स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसली. तो कॉफी करत होता. हात धुतलेले असूनही त्याने पुन्हा धुतले.

"घेणार?"

"हं."

त्याने दुसरा कप काढला. दूध ओतलं. मग तो थांबला.

"साखर घालू का?"

फळीवर आईचा कप पालथा होता, त्याच्याकडे मुलगी बघत राहिली. अडीच हातात चमचा धरून उभा होता.

"नको," ती म्हणाली.

त्याने साखरेचा डबा उचलला आणि टेबलाच्या तिच्या बाजूला, तिच्या हातापाशी नेऊन ठेवला. चमचाही त्याच्यावर ठेवला. मग कॉफी ओतली. ती सगळा वेळ त्याच्या हातांकडे बघत होती आणि त्याने ते बघू दिलं. कप समोर आल्यावर तिने आधी वास घेतला, मग एक घोट घेतला.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"फिकी," ती म्हणाली.

तो मान हलवून समोर बसला. तिने कप शेवटपर्यंत संपवला, नळाखाली विसळला आणि आईच्या कपाशेजारी पालथा ठेवला.